वाचून फाडायची चिठ्ठी

नांदेड, १५ जून २०२५

ती. सिंधुआत्यास पुनमचा नमस्कार.

"वाचून झालं की फाडायचं बघ. डोक्यात ऱ्हातं तेवढंच आपलं."

हे तू म्हणालीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुझी नेमणूक तेव्हा निलंग्याकडे होती आणि तिसरी-चौथीची दोन वर्षं मी तुझ्याजवळ, आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत राहायला होते. घरून आप्पांचं पत्र आलं. तू पायरीवर बसून ते वाचलंस आणि सरळ चार तुकडे केलेस. मी रडायला लागले, कारण खाली माझ्यासाठीही दोन ओळी होत्या. पाठ झाल्या का, असं तू विचारलंस. मी म्हटलं, झाल्या. "मग कागदाचं काय लोणचं घालतीस?"

त्या ओळी मला अजून पाठ आहेत. लाल गाय व्याली, कालवड झाली. आत्याला त्रास देऊ नको.

दुसऱ्या ओळीचं मी पुढे काय केलं ते आपल्या दोघींना माहीत आहे.

तू माझा फोन घेत नाहीस. दीपमालावहिनी तुझ्या हातात फोन देते तेव्हा तू म्हणतेस, मला ऐकू येत न्हाई. आणि तीच वहिनी सांगते की गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला शेवग्याचा काय भाव सांगतोय ते आमच्या सासूबाईंना आतल्या खोलीत ऐकू येतं. म्हणून पत्र. आलेलं पत्र न वाचता फाडायचं नाही, हाही तुझाच नियम. तेव्हा एकदा तरी तू हे वाचणारच. आणि फाडणार आहेस म्हणून मलाही मोकळं लिहिता येतंय.

काम असं आहे. दोन ऑगस्टला किनवटला, तिथल्या एका वसतिगृहात, गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचं शिबिर आहे. चाळीसेक बायका येणार. एमआरएनए नावाची नवी लस जुन्या लशींपेक्षा वेगळी कशी, हे मी त्यांना तासाभरात सांगायचं आहे. जंगलातल्या गावांतून येणाऱ्या बायका. त्यांना पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. मी आधी रंगीत तालीम म्हणून माझ्या बारावीच्या उन्हाळी वर्गात बोलून बघितलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं तेवढ्या वेळात वहीच्या कडेला नऊ ठिपके नऊ ओळींची अख्खी रांगोळी काढली. तिची चूक नाही. मला कळतं, पण सांगता येत नाही. तुला सांगता येतं.

आणि आत्या, चार वर्षं झाली. पुरे आता.

त्या दिवशीचं मी विसरलेले नाही. एप्रिल दोन हजार एकवीस, आपल्या गावच्या शाळेचा वऱ्हांडा. लस घ्यायला कुणी पुढे येईना, म्हणून सरपंचांनी तुला चाकूरहून बोलावून घेतलं. तू निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी त्या गर्दीतल्या निम्म्या दंडांना पहिली सुई तूच टोचलेली होतीस. माणिकप्पा दुकानदार सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "आत काय हाय ते सांगा सिंधुबाई, मग बाही वर करतो." तू म्हणालीस, आत मेलेला जंतू हाय. लेकराला मेलेला साप दाखवून ठेवला की जिता आल्यावर ते ओळखतं, तसंच. बायका माना हलवायला लागल्या होत्या.

आणि मी उठून उभी राहिले. "आत्या, चूक सांगतीस तू. नव्या लशीत जंतू नसतोच. नुसता संदेश असतो."

माणिकप्पा म्हणाला, "दोघी एकाच घरच्या. आधी घरात ठरवून या, मग गावाला टोचा." सगळा वऱ्हांडा हसला. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "पोरगी शिकलेली हाय, तिचं ऐका." खुर्चीवर बसलीस, पहिली सुई स्वतः घेतलीस, पदर सारखा केलास आणि कुणाकडे न बघता निघून गेलीस. तुझ्यामागे आप्पा बसले, त्यांच्यामागे माणिकप्पा, मग रांगच लागली.

मी जे बोलले ते शास्त्राला धरून होतं. पण बोलायची ती जागा नव्हती आणि ती रीत नव्हती. त्याची माफी मागते.

तुझी,
पुनम


नांदेड, २४ जून २०२५

ती. आत्यास नमस्कार.

वहिनीचा फोन आला. म्हणाली, पत्र उभ्यानं उघडलं, मग बसून वाचलं, मग चार तुकडे केले. आणि म्हणाल्या, अक्षर बिघडलंय पोरीचं.

मला इतकं बरं वाटलं की वहिनीला तीन वेळा विचारलं, 'पोरीचं' म्हणाली का, 'तिचं' म्हणाली. वहिनी म्हणाली, "पोरीचं म्हणाल्या हो वन्सं, आता शपथ घेऊ का?"

तू काही कळवणार नाहीस हे धरूनच चाललेय. तेव्हा आता मी इथे लिहून बघते, तू मनातल्या मनात हं किंवा अंहं कर.

सुरुवात तुझ्या सापानंच करणार आहे. दुसरं चांगलं सापडलं नाही. जुन्या लशी म्हणजे शरीराला साप दाखवायचे दोन मार्ग. एक, मेलेला साप. जंतू वाढवायचा, मारायचा, आणि त्याचं कलेवर टोचायचं. तो काही करू शकत नाही, पण शरीर त्याचं रूप लक्षात ठेवतं. दुसरा, गारुड्याचा दात काढलेला साप. जंतू जिवंत असतो, वळवळतो, पण त्याचा जोर काढून टाकलेला असतो. गोवर, पोलिओचे थेंब, बीसीजी, त्रिगुणी, या सगळ्या दात काढलेल्या सापाच्या जातीच्या. दोन्हीकडे जंतू कुठेतरी वाढवावा लागतो, त्याला महिने लागतात, आणि मग तुझ्यासारखी कुणीतरी तो डबा खांद्याला लावून बर्फासकट वाडीवस्तीवर पोचवते.

तो निळा डबा मला अजून दिसतो. गोवराची पूड पाण्यात कालवली की तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाटीवर वेळ लिहायचीस आणि चार तास झाले की उरलेली बाटली बाजूला काढायचीस, मग समोर कुणी का उभं असेना. एकदा एक बाई दोन कोस चालत आली होती, पाच मिनिटं उशिरा. मी म्हटलं, पाच मिनिटांनी काय होतंय?  तिला चहा दिलास आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तूच तिच्या वस्तीवर गेलीस. माझी चप्पल तुटली म्हणून येताना मला कडेवर घ्यावं लागलं. घोडी झालीस, म्हणालीस, पण घेतलंस.

आता नवी लस. इथे साप नाहीच, मेलेला नाही की जिता नाही. शरीराला फक्त एक संदेश द्यायचा आणि शरीरानं स्वतःच जंतूचा एक तुकडा तयार करायचा. इथवर आले की समोरच्यांचे डोळे विझतात. संदेश म्हणजे काय, मोबाईलवर येतो तसला का, असं एका मुलानं विचारलं. दुसरा म्हणाला, मॅडम, तो आत गेल्यावर आपला डीएनए बदलतो म्हणे. मी फळ्यावर एक गोल काढला, त्यात एक छोटा गोल काढला, बाण काढले. घंटा झाली.

इथेच गाडी अडली आहे.

आप्पा सध्या माझ्याकडेच आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालं. रोज विचारतात, सिंधीचं काही आलं का. मी म्हणते, ती लिहीत नसते, तुम्हाला माहीत नाही का.

तुझी,
पुनम


नांदेड, ४ जुलै २०२५

ती. आत्यास नमस्कार.

काल आनंदराज कंडक्टरचा फोन आला. "म्याडम, चाकूरहून आत्याबाईंचा डबा हाय, बसस्टँडवर या. वास लई सुटलाय. उशीर केला तर ग्यारंटी न्हाई."

मी रिक्षा करून धावले. धपाटे होते बारा. निदान मी मोजले तेव्हा बारा. आनंदराजच्या मिशीला तीळ लागलेले होते. त्याच्याखाली केळीच्या पानाचा तुकडा आणि त्याच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत माझ्याच पत्राचा चौथा हिस्सा. त्यात 'त्रिगुणी' या शब्दाभोवती लाल रिफिलनं केलेला गोल. बाकी एक अक्षर नाही.

आप्पांनी विचारलं, काय आलं? मी म्हटलं, पेपर तपासून आलाय.

आत्या, त्रिगुणीत जिता जंतू नसतो. डांग्या खोकल्याचा मेलेला, आणि घटसर्प नि धनुर्वाताचं तर नुसतं नांगी मोडलेलं विष. मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आणि हे लिहून बसले. तू बघितलंस, गोल केलास, आणि धपाट्याखाली लपवून पाठवलंस. वहिनीलासुद्धा कळलं नाही. तिला वाटत होतं पिशवीत लोणचं आहे.

त्या गोलाकडे बघता बघता मला दवाखान्यातला तो दिवस आठवला. मी चौथीत असेन. नव्या डॉक्टरांनी त्रिगुणीच्या बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लावल्या होत्या. तू दोन बाटल्या घेतल्यास, एक कप्प्यातली, एक बाहेरची, हलवल्यास आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यास. मला म्हणालीस, बघत बस, कोणतीचा साका आधी तळाला बसतो. कप्प्यातलीचा बसला. गोठून नासली होती ती. बाहेर पन्नास बायका लेकरं घेऊन बसलेल्या, डॉक्टर खुर्चीवर. तू आत गेलीस. चहा केलास, कागदाच्या कपट्यावर दोन ओळी लिहिल्यास आणि तो कपटा बशीखाली सरकवून कप डॉक्टरांपुढे ठेवलास. त्यांनी चहा घेतला, कपटा वाचला, फाडला, खिशात टाकला आणि म्हणाले, बर्फातल्या बाटल्या आज वापरू नका. बायकांना वाटलं डॉक्टर किती हुशार आहेत. नंतर ते तुला सिस्टर न म्हणता ताई म्हणायला लागले.

चिठ्ठी वाचली. काम झालं. चिठ्ठी फाटली. आत्या, एमआरएनए म्हणजे हेच. तू मला हे पस्तीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतंस आणि मी फळ्यावर गोल काढत बसले.

आता असं सांगणार आहे बघ.

पंचमीला आपण खरा नाग घरात आणत नाही. मातीचा करतो. समजा घरी कुणाला येत नाही, म्हणून कुणीतरी चिठ्ठी धाडली, की फणा असा करा, एवढा रुंद, इथे दाबा. चिठ्ठीत नुसता फणा कसा करायचा ते आहे; शेपूट नाही, विषाचा दात नाही, म्हणजे त्यातून आख्खा साप होऊच शकत नाही. चिठ्ठी वाटेत फाटेल म्हणून ती तुपाच्या थेंबासारख्या स्निग्ध गोळीत गुंडाळलेली. ती पेशीच्या घरात जाते. देवघरात पोथी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची, तोच आपला डीएनए. चिठ्ठी तिथे जात नाही. ती स्वयंपाकघरात जाते, जिथे सगळं रांधलं जातं. तिथल्या बाया वाचतात, फणे करतात, दारात मांडतात. शरीराचे पहारेकरी बघतात आणि म्हणतात, हे काय नवं? ते रूप ध्यानात ठेवतात. दोन-चार दिवसांत चिठ्ठी फाटून जाते, काही दिवसांनी माती विरघळते. ध्यानात राहिलेलं राहतं.

म्हणून ही लस लवकर तयार होते. जंतू वाढवत बसायचं नाही, चिठ्ठी लिहायची. जंतूनं फणा बदलला तर नवी चिठ्ठी. आणि ध्यानात राहिलेलंही काही दिवसांनी पुसट होतं, तेव्हा पुन्हा आठवण द्यावी लागते. ती जादू नाही, हेही सांगणार आहे. परदेशातल्या पहिल्या चिठ्ठ्यांना तर इतकी थंडी लागायची की तुझ्या निळ्या डब्यातला बर्फ त्यांना पुरला नसता. आता पुण्यात बनलेली एक साध्या फ्रीजच्या थंडीत राहते.

वर्गात आज हेच सांगितलं. रांगोळीवाल्या मुलीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "म्हणजे मॅडम, फणा आपणच करायचा आणि आपणच भ्यायचं?" मी म्हटलं, हो, अगदी तसंच. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

हा गोल केलेला तुकडा मी फाडणार नाही. तुझा नियम तुझ्याकडे.

त्या दिवशीच्या बाटलीबद्दलही एकदा लिहायचं आहे. नंतर.

तुझी,
पुनम


नांदेड, १३ जुलै २०२५

ती. आत्यास,

'नंतर' म्हणजे आज. हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तुझ्यासारखंच फाडलं. चौथ्यांदा लिहितेय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी बोलले ते शास्त्राला धरून होतं. तो शब्द मी मुद्दाम निवडला. शास्त्राला धरून होतंच. त्या बाटलीला धरून नव्हतं.

आप्पांच्या लशीचं सर्टिफिकेट माझ्या मोबाईलवर आहे. त्याच वऱ्हांड्यातली, तीच तारीख. लशीच्या नावापुढे कोव्हॅक्सिन लिहिलंय. म्हणजे मेलेला विषाणू. तू सांगितलंस तोच मेलेला साप. मी ज्या लशीबद्दल बोलले ती त्या वेळी आपल्या देशात कुणाला टोचतच नव्हते. मी परदेशातली व्याख्यानं ऐकत होते रात्रंदिवस, डोक्यात तेवढंच होतं. बाटली बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. तू मात्र आल्या आल्या नर्सच्या हातातून बाटली घेऊन उजेडात धरली होतीस. मला वाटलं होतं, जुन्या सवयीनं धरलीस.

तुला माहीत होतं. तू तिथल्या तिथे म्हणू शकली असतीस, हे बघ, वाच यावर काय लिहिलंय. मी तोंडावर पडले असते. पण मग माणिकप्पा म्हणाला असता, यांना स्वतःलाच माहीत नाही, चला घरी. तो गेला असता तर वऱ्हांडा रिकामा झाला असता. म्हणून तू 'पोरगी शिकलेली हाय' म्हणून बाही वर केलीस. चौतीस वर्षांचं नाव खुर्चीवर ठेवलंस आणि रांग लावून निघून गेलीस.

आता खरं लिहायचं ते असं. हे मला आज कळलेलं नाही. आप्पांचा दुसरा डोस झाला त्या दिवशी, मे महिन्यातच, मी ते सर्टिफिकेट वाचलं. चार वर्षं झाली. सगळे समजतात तू रुसलीस. वहिनी नि हरिओमदादा समजतात, आप्पा समजतात, मीही सगळ्यांना तसंच समजू दिलं. त्या वर्षी पंचमीला तू वहिनीच्या हाती निरोप धाडला होतास, पुनमीला म्हणावं झोका बांधलाय. मी कॉलेजात परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा नव्हती. पुढच्या वर्षीही नव्हती. मग तू निरोप धाडायचं बंद केलंस, आणि मला हायसं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

रुसलेली तू नव्हतीसच, आत्या. लपलेली मी होते. फोनवर तू 'ऐकू येत न्हाई' म्हणायचीस ते मला खोटं बोलावं लागू नये म्हणून, आणि मी त्यावर घरभर हसत होते.

कशाला भीत होते तेही सांगते. तू रागवशील म्हणून नाही. तू म्हणशील, "असू दे गं, चालतंय," आणि मला जेवायला वाढशील, याची भीती होती.

हे पत्र तरी फाड. नक्की फाड.

पुनम


नांदेड, २२ जुलै २०२५

ती. आत्यास नमस्कार.

वहिनी सांगत होती की यावेळी चार तुकडे नाहीत. चाराचे आठ, आठाचे सोळा, मग तू बसून बोटांनी चिमटीएवढे केलेस आणि ओट्यावरच्या पाण्यात भिजवलेस. वहिनी म्हणाली, "एवढं काय लिवलं होतं हो वन्सं? लगदा करून राहिल्या होत्या सासूबाई." हरिओमदादानंही विचारलं, काय लिहिलं पुनमनं? तर तू म्हणालीस, "काय न्हाई. धपाटे चांगले झाल्ते म्हणती."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसपाशी उभी राहिले बराच वेळ. दूध उतू गेलं तेव्हा आप्पा आले.

तू पत्रं का फाडतेस ते मला आजवर कळलंच नव्हतं. मला वाटायचं, घरात कागद नको, जागा अडते, झुरळं होतात. पण त्या डॉक्टरांची चूक आज तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि आता माझीही नाही. दुसऱ्याचं उणं कुणाच्या हाती लागू नये म्हणून तू कागद फाडतेस, आणि आम्ही तुला कंजूस, विक्षिप्त म्हणत आलो. आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "सिंधी ल्हानपणापासून तशीच. माझं नापासाचं प्रगतिपुस्तक तिनंच शेळीला चारलं होतं." हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आप्पांनाही आत्ता सत्त्याहत्तराव्या वर्षी सांगावंसं वाटलं. मग आम्ही दोघं बसून हसलो. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर एवढं हसायचं नसतं म्हणे, डॉक्टर रागावले.

काल आनंदराजनं दुसरा डबा आणून दिला. कारळाची चटणी. यावेळी मी सगळा डबा उलटा करून बघितला, झाकणाचं रबरसुद्धा काढलं. चिठ्ठी नव्हती.  मग लक्षात आलं, चूक नसेल तर तू चिठ्ठी धाडत नाहीस.

पंचमीला मी चाकूरला येतेय. आप्पांना घेऊन. ही विनंती नाही, कळवतेय. सोमवारी शेवटच्या तासानंतर निघणार, रात्रीपर्यंत पोचू. झोका माझ्या वजनाला टिकेल असा बांधायला सांग. मी आता नऊ वर्षांची राहिलेले नाही. लाह्या मी आणते. मातीचा नाग मात्र तू कर, मी बघणार आहे. फणा कुठे दाबायचा ते मला किनवटला दाखवता आलं पाहिजे, नुसतं सांगून भागायचं नाही.

माणिकप्पाला मी स्वतः गावी जाऊन भेटणार आहे. त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकं असताना. सांगणार आहे, की त्या दिवशी बाटलीत काय होतं ते आत्या बरोबर सांगत होती आणि मी चूक. तो काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. "चार वर्सांनी ठरलं का घरात?" म्हणू दे. हे तू अडवू शकत नाहीस, कारण हा कागद नाही, तुला फाडता येणार नाही.

विनंती वेगळी आहे.

दोन ऑगस्टला तू माझ्याबरोबर किनवटला चल. नांदेडहून सकाळची रेल्वे आहे, बसायला जागा मिळते, खिडकी तुझी. बायका चाळीसेक असतील, सगळ्या आशाताई, म्हणजे तुझ्याच जातकुळीतल्या. डबा खांद्याला लावून फिरणाऱ्या. मी त्यांना मेलेला साप सांगेन, दात काढलेला सांगेन, चिठ्ठी सांगेन, मातीचा फणा सांगेन. हे सगळं कुणाकडून शिकले तेही सांगेन, म्हणजे तुला तोंड लपवायला पदर लागेल, तो मोठा घे.

तू पहिल्या रांगेत बस. आणि मी कुठे चुकले, एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तर चहा मागवू नकोस. बशी शोधू नकोस. लाल रिफिल घरी ठेवून ये. सगळ्यांच्या देखत उभी राहा आणि मोठ्यानं म्हण, "पुनम, चूक सांगतीस तू."

चौतीस वर्षांच्या नोकरीत तू हे कुणाला म्हणाली नाहीस. नासलेल्या बाटल्या ठेवणाऱ्या डॉक्टरला म्हणाली नाहीस, मला म्हणाली नाहीस. तेव्हा आताही तू तसं म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे. कदाचित येशील, पहिल्या रांगेत बसशील, आणि मी चुकले की मान खाली घालून पिशवीतला कपटा शोधायला लागशील.

तरी मागते. एकदा, आत्या, सगळ्यांच्या समोर.

तुझी,
पुनम